हद्दीवरचं प्रेत: क्राइम आणि सायफाय मालिका, सीमाभागात बसून बघताना

खानापूर पॅसेंजर (धागाकर्ता)

पावसाळ्यात आमच्या खानापूर तालुक्यात दोनच कामं असतात, रोप लावणं आणि लाईट यायची वाट बघणं. शेत भावाकडे गेलं तसं पहिलं काम सुटलं, दुसरं राहिलं. गेले तीन पावसाळे मी एपिसोड मोबाईलवर उतरवून ठेवतोय आणि अंधारात चादर ओढून बघतोय. गुन्हेगारी आणि सायन्स फिक्शन, दोनच प्रकार. टीव्ही घरात आहे, खरं रिमोट आईकडे असतो.

एवढं बघून काही मतं तयार झालीत. पुण्या-मुंबईच्या मित्रांना ती पटत नाहीत. त्यांचं म्हणणं, तू सगळीकडे सीमाप्रश्न शोधतोस. असेल. मोतीबिंदू झालेल्याला सगळं धूसर दिसतं, तसं आम्हाला सगळीकडे हद्द दिसते.

गावापासून सुरू करतो. २०२३ मध्ये 'स्कॅम २००३: द तेलगी स्टोरी' आली. अब्दुल करीम तेलगी खानापूरचा. रेल्वेत फळं विकून शिकलेला, बेळगावात बी.कॉम. झालेला. पुढे बनावट स्टॅम्पपेपरचा धंदा राज्याराज्यांत पसरवला, २००१ मध्ये अजमेरला पकडला गेला, २००७ मध्ये ३० वर्षं सक्तमजुरी आणि २०२ कोटींचा दंड, २०१७ मध्ये बेंगळुरूत मृत्यू. एवढं सगळ्यांना माहीत आहे. आमच्याकडे त्याच्याकडून केळी घेतल्याचं सांगणारे शंभर जण भेटतील, त्यातले खरे किती ते रेल्वेलाच ठाऊक.

मालिका चांगली आहे. गगन देव रियारनं कुठेही 'मी आता मोठं पाप करतोय' असा चेहरा केलेला नाही, किराणा दुकान चालवावं तसा तो घोटाळा चालवतो. कागदाची टंचाई आधी तयार करायची आणि मग आपला माल सोडायचा, ही युक्तीही नीट उलगडलीय. माझी तक्रार खानापूरची आहे. गाव दिसतं, ऐकू येत नाही. आमच्या स्टेशनवर दहा मिनिटं बाकड्यावर बसा. मराठी, कन्नड, दखनी उर्दू, लोंढ्याकडून गाडी आली तर कोकणीसुद्धा. फळवाला डब्यात चढताना तोंडं बघतो आणि कुठल्या भाषेत ओरडायचं ते ठरवतो. समोरच्याला 'हा आपलाच' वाटायला लावणं हे तेलगीचं पहिलं भांडवल होतं आणि ते त्याला ह्याच फलाटावर मिळालं असणार असं माझं मत. मालिकेत मात्र तो पहिल्यापासून हिंदी बोलतो, आजूबाजूचेही हिंदी बोलतात. तिथंच गुन्ह्याचं मूळ हातातून निसटलं.

हेच ज्या मालिकेनं बरोबर पकडलं ती दुसऱ्या टोकाची. 'ब्रोएन', म्हणजे 'द ब्रिज', २०११. डेन्मार्क आणि स्वीडनला जोडणारा ओरेसुंडचा पूल. रात्री पुलावरचे दिवे जातात (इथंच मी घरच्यासारखा सैलावून बसलो). दिवे येतात तेव्हा बरोबर सीमारेषेवर प्रेत पडलेलं. अर्धं ह्या देशात, अर्धं त्या. उचलायला जातात तर कमरेत दोन तुकडे, आणि तुकडे दोन वेगवेगळ्या बायकांचे. तपासाला दोन्हीकडचे पोलीस. स्वीडनची सागा नोरेन, डेन्मार्कचा मार्टिन रोडे. ती स्वीडिश बोलते, तो डॅनिश बोलतो. दुभाषा नाही, कुणी भाषा बदलत नाही आणि काम चालतं.

हे बघून मला आई आणि खडेबाजारातला कापडवाला आठवला. तो कन्नडमध्ये भाव सांगतो, ती मराठीत कमी करायला लावते. वीस वर्षं झाली, दोघांपैकी एकानंही माघार घेतलेली नाही, ना भाषेत ना भावात.

एक वाईट आहे. इंग्रजी सबटायटल लावलं की सागा आणि मार्टिन दोघंही तेच सपाट इंग्रजी बोलतात. कोण कुठल्या भाषेत बोलतंय ते कळायला मला अख्खा पहिला सीझन लागला.

बाकीच्यांबद्दल पटपट. 'शेरलॉक'चे पहिले दोन सीझन बघा, चौथा सोडा. 'ब्लॅक मिरर' एका दिवशी एकच भाग, जेवणानंतर नको. 'डार्क' वंशावळ कागदावर काढल्याशिवाय बघू नका, मी काढली नाही आणि कोण कुणाचा आजा हे मला अजून सांगता येत नाही. 'द वायर' बाल्टिमोरची, पहिले चार भाग डोळे मिटतात, पुढे झोप उडते. लिहिणारा डेव्हिड सायमन त्याच शहरात गुन्हेगारीच्या बातम्या देणारा पत्रकार होता, ते जाणवतं. प्रत्येक चौकाची वेगळी बोली आहे त्यात.

तुम्ही काय बघताय?

कुंदाखाऊ

तेलगीच्या भाषेबद्दल असहमत. त्याच्या घरची बोली उर्दूच असणार, तेव्हा हिंदी तितकं खटकायला नको. बाकीचं खानापूर हिंदी का बोलतं हा प्रश्न मात्र रास्त.

माझे वडील कोर्टाच्या आवारात दस्त लिहायचे. प्रकरण बाहेर आल्यावरचे दिवस मला आठवतात. लोक वीस-वीस वर्षांपूर्वीची खरेदीखतं पिशवीतून घेऊन यायचे आणि 'आमचा कागद खरा काय बघा की' म्हणून वडिलांसमोर धरायचे. वडील तो उन्हाकडे धरून बघायचे. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं हे त्यांनी निवृत्त झाल्यावर सांगितलं. 'बघितलं नाही तर माणूस रात्री झोपला नसता.' मालिकेत बँका, विमा कंपन्या, दलाल सगळे आहेत. पिशवी घेऊन आलेला हा माणूस नाही. मला तो पाहिजे होता.

पेठेतला

लेख छान. एक शंका. "टीव्ही घरात आहे, खरं रिमोट आईकडे असतो." हे 'खरं' इथे काय करतंय? वाक्य अर्धवट राहिलंय का?

खानापूर पॅसेंजर

आमच्याकडे 'खरं' म्हणजे 'पण'. खोट्याच्या विरुद्धचा 'खरं' वेगळा, तोही आहे आमच्याकडे.

पेठेतला

:-) नोंद घेतली, खरं सवय व्हायला वेळ लागेल.

हिंडलग्याची सून

'ब्रोएन' मी चारी सीझन बघितलो. तिसऱ्यात मार्टिन नाही, त्याचं दुःख मला अजून आहे. सागाची ती हिरवी जुनी पोर्शे गाडी आणि तिचं ते तोंडावर बोलणं. मला लग्नात मेव्हण्यांसमोर तसंच बोलायचं होतं, जमलं नाही.

आमच्या घरात क्राइमवर सासूबाईंचं राज्य आहे. सीआयडी. १९९८ ते २०१८, १५४७ भाग, आणि २०२४ च्या डिसेंबरात परत सुरू झाली तेव्हा सासूबाईंनी देवाजवळ साखर ठेवली. हसू नका. त्यांना हिंदी अर्धं कळतं. खरं प्रद्युमन म्हणजे शिवाजी साटम, त्यामुळे तो त्यांच्या लेखी आपला माणूस. तो हिंदीत बोलतो ते नोकरी आहे म्हणून, अशी त्यांची समजूत.

चॅनेलचंही एक सांगतो. २०१९ मध्ये चॅनेल निवडायचे नियम बदलले, १३० रुपये अधिक कर असं ते आलं, तेव्हा आम्ही डिशवाल्याला फोन केलो. पत्ता कर्नाटकचा म्हटल्यावर त्यानं कन्नड पॅक चढवला. मराठी पाहिजे म्हटलं तर महाराष्ट्राचा पॅक तुमच्या पिनकोडला बसत नाही म्हणाला. सुटे चॅनेल एकेक करून घातले. त्यात कन्नडचे निम्मे तसेच राहिले आणि सासऱ्यांना कन्नड बातम्यांची सवय लागली. आता ते काढू देत नाहीत.

पेठेतला

'बघितलो', 'फोन केलो', 'सांगतो'... आयडी सूनबाईंचा आहे ना?

हिंडलग्याची सून

हो. आमच्याकडे बायका असंच बोलतात. आम्ही तुमच्यासारखं 'बघितले', 'सांगते' केलो तर आमची आई विचारते, तुला काय झालंय?

भौतिक मास्तर

धाग्यात 'द एक्स्पान्स' नाही, म्हणजे कुंद्याशिवाय बेळगाव.

नवख्यांसाठी: २०१५ ते २०२२, सहा सीझन, ६२ भाग. ('ब्रेकिंग बॅड'चेही बरोबर ६२च आहेत, योगायोग.) तीन सीझननंतर मूळ वाहिनीनं बंद केली, ॲमेझॉननं पुढे चालवली. माणसं मंगळावर आणि लघुग्रहांच्या पट्ट्यात राहायला गेली आहेत. पट्ट्यातल्यांना 'बेल्टर' म्हणतात. बर्फ त्यांनी आणायचा, खनिज त्यांनी काढायचं, हुकूम पृथ्वी आणि मंगळाचा. सुरुवात पोलीस कथेसारखी होते. पट्ट्यातल्या सेरीस ह्या बटुग्रहावरचा मिलर हा जन्मानं बेल्टर पोलीस, पगार पृथ्वीच्या कंपनीचा, एका हरवलेल्या मुलीच्या शोधात. त्याच्याच लोकांत त्याला फितूर समजतात. सायफाय आणि क्राइम एकत्र बघायचं तर इथून सुरू करा.

आता माझं दुखणं. मी पीयूसीला (तुमची अकरावी-बारावी) भौतिकशास्त्र शिकवतो. ह्या मालिकेतली यानं मला फार आवडतात. निम्म्या वाटेपर्यंत वेग वाढवत जायचं, मग यान उलटं फिरवायचं आणि उरलेली निम्मी वाट इंजिनानंच वेग कमी करत यायचं. इंजिन चालू असताना पायाखाली वजन जाणवतं, म्हणून यानाचे मजले इमारतीसारखे एकावर एक, तळाला इंजिन. आडव्या विमानासारखं यान दाखवणाऱ्यांनी हे शिकावं. निरोप जायलाही वेळ लागतो. पृथ्वी-मंगळ अंतराप्रमाणे ३ ते २२ मिनिटं, तेव्हा फोनवर भांडण शक्य नाही.

सेरीसवर मात्र त्यांनी गडबड केलीय. सेरीसचा व्यास साधारण ९४० किलोमीटर. स्वतःचं गुरुत्व पृथ्वीच्या ३ टक्क्यांच्या आसपास. मालिकेत तो बटुग्रह गरागरा फिरवून आत राहणाऱ्यांना वजन दिलंय. समजा ३० टक्के वजन पाहिजे. त्रिज्या ४७० किलोमीटर धरून गणित करा, एक फेरी सुमारे ४२ मिनिटांत व्हायला पाहिजे. म्हणजे विषुववृत्तावर बाहेर फेकणारा जोर स्वतःच्या गुरुत्वाच्या दहापट. वरचे दगड उडून जातील आणि आतला खडकही तुकडे होऊन सुटेल. दुसरं, मिलर ग्लासात दारू ओततो तेव्हा धार वाकडी जाते. दृश्य सुंदर. खरं ४२ मिनिटांच्या फेरीत अर्ध्या हाताच्या धारेला अर्धा मिलिमीटरही वाकता येणार नाही. धार वाकडी जाते ती ओतणाऱ्याच्या आधीच्या ग्लासांमुळे.

मुलांना हे गणित घातलं. दोघांना जमलं, बाकीच्यांनी मालिका बघून टाकली. माझी काही तक्रार नाही.

तीन तेहतीस

मास्तर, भाषेचं राहिलं की. बेल्टरांची बोली निक फार्मर ह्या भाषातज्ज्ञानं तयार केलीय. कुठली कुठली भाषा कालवून केलेली. 'बेल्टालाउडा' म्हणजे आपण पट्ट्यातले लोक. वाक्याच्या शेवटी 'सासा के?' म्हणतात, म्हणजे 'कळलं का?' तो 'के' ऐकला आणि मी उठून बसलो. आमचं 'कळलं की?' आणि कन्नडचं 'गोत्तायतेन?' हे दोन्ही त्याच चालीत म्हणतात. हातवारेही फार करतात, कारण अंतराळातल्या पोशाखात तोंड दिसत नाही. आमच्या बसस्टँडवर तोंड दिसतं, आवाज ऐकू येत नाही, म्हणून हात.

'डार्क'वर धागाकर्त्यानं अन्याय केलाय. जर्मन मालिका, तीन सीझन, २६ भाग, २०१७ ते २०२०. विंडेन नावाचं गाव, दर ३३ वर्षांनी काळ एकमेकांत गुंततो. हा ३३ त्यांनी हवेतून काढलेला नाही. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, सौर ३६५ चं. दरवर्षी अकरा दिवसांचा फरक साठत जातो आणि ३३ वर्षांत जवळजवळ एक पूर्ण वर्ष भरतं. म्हणूनच मोहरम ३३ वर्षांनी फिरून त्याच ऋतूत येतो. आपण तेवढं थांबत नाही, साधारण साडेबत्तीस महिन्यांनी अधिक महिना घालून हिशेब मिटवतो. आणि त्या महिन्यात जावयाला काय देतात? ३३ अनारसे. विंडेनच्या लोकांनी अनारसे वाटले असते तर पुढचा गोंधळ टळला असता.

कुंदाखाऊ

+३३

काळा कोट

धागाकर्त्याच्या हद्दीच्या मुद्द्यावर. मी वकिली करतो, बेळगाव आणि चंदगड दोन्हीकडे जाणं असतं.

पुलावरचं प्रेत आपल्याकडे सापडलं तर कायद्याला उत्तर आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७८ नुसार गुन्हा नेमका कुठल्या हद्दीत घडला ते नक्की नसेल, किंवा थोडा इकडे थोडा तिकडे घडला असेल, तर दोन्हीपैकी कुठलंही न्यायालय चालवू शकतं. चालत्या गाडीत घडला तर ज्या ज्या हद्दीतून गाडी गेली त्यातलं कुठलंही, कलम १८३. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता आली, क्रमांक बदलले, तत्त्व तेच. शिवाय आता शून्य क्रमांकाची फिर्याद, झिरो एफआयआर, थेट कायद्यात लिहिलीय. हद्द कुठलीही असो, ठाण्यानं आधी लिहून घ्यायचं आणि मग पाठवायचं.

हे कागदावर. माझ्या चुलत्यांची लुना शिनोळीच्या रस्त्यावर चहाच्या टपरीसमोरून चोरीला गेली. ह्याला तीसेक वर्षं झाली. तुम्हाला माहीत आहे, बाचीपर्यंत कर्नाटक, पुढे शिनोळी महाराष्ट्र. एका ठाण्यानं सांगितलं, टपरी पलीकडची. दुसऱ्यानं सांगितलं, टपरी आमची असेल पण तुम्ही राहता तिकडचे आणि गाडीचा नंबर तिकडचा. चुलते तीन दिवस दोन राज्यांत चालत गेले, कारण लुना नव्हती. चौथ्या दिवशी टपरीवाल्यानंच शोधून दिली. चोर त्याच्या ओळखीचा निघाला. सागा नोरेनला हे प्रकरण दिलं असतं तर तिनंही राजीनामा दिला असता.

दुसरा मुद्दा, मालिकांत नार्को चाचणी दाखवतात त्याचा. सुई टोचली की माणूस घडाघडा खरं बोलतो असं दाखवणं सोपं आहे. तेलगीचीही नार्को झाली होती. खरं २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं 'सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य' ह्या निकालात सांगितलं, की नार्को, पॉलिग्राफ, ब्रेन मॅपिंग माणसाच्या संमतीशिवाय करता येणार नाही. आपल्याच राज्याच्या नावावरचा हा निकाल. त्यानंतरही मालिकांतल्या पोलिसांना तो पोचलेला दिसत नाही.

भारतीय मालिकांत मला 'दिल्ली क्राइम' पटते (२०२० चा आंतरराष्ट्रीय एमी मिळाला तिला). ठाण्यात लाईट नाही, गाडीला डिझेल नाही आणि तपास चालू. हे कोर्टात रोज ऐकतो. 'कोहरा' पंजाबीत आहे, ती तर नक्की बघा. ज्या गावातला गुन्हा त्या गावातली भाषा. 'मानवत मर्डर्स' परभणीकडची, ते प्रकरण आमच्या सिनियरांच्या तोंडून ऐकलेलं, त्यामुळे मी तटस्थ नाही.

संपादक

सीमाप्रश्न, १ नोव्हेंबर, नावबदल आणि पाट्यांवरचे तीन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. त्या विषयाचे धागे आहेत, तिकडे जा. इथे प्रेत फक्त मालिकांतली चालतील.

खानापूर पॅसेंजर

संपादकमालक, पुढचं पाट्यांवरच आहे, खरं मालिकेतून आलंय. वाचून मग ठरवा.

'द सिटी अँड द सिटी', बीबीसी, २०१८, चारच भाग. चायना मिएव्हिलच्या कादंबरीवरून. दोन शहरं, बेझेल आणि उल कोमा. दोन्ही एकाच जागेवर. म्हणजे खरोखरच एकाच जागेवर, हा रस्ता ह्यांचा, पुढची इमारत त्यांची, मधला चौक दोघांचा. भिंत नाही. हद्द डोळ्यांत आहे. बेझेलच्या माणसानं उल कोमाचा माणूस शेजारून गेला तरी बघायचा नाही. लहानपणापासून शिकवलेलं असतं, कपड्यांवरून, चालीवरून ओळखायचं आणि नजर रिकामी करायची. चुकून बघितलंत तर 'ब्रीच' नावाची यंत्रणा येऊन उचलते. अशात एका मुलीचं प्रेत एका शहरात सापडतं आणि खून दुसऱ्यात झालेला असतो. इन्स्पेक्टर बोर्लूला तपासासाठी दुसऱ्या शहरात जायचं, म्हणजे त्याच रस्त्यावर उभं राहून आजवर जे बघितलं नाही ते बघायचं आणि स्वतःचं शहर बघायचं नाही.

मालिका म्हणून थोडी संथ आहे. बोर्लूच्या बायकोचं प्रकरण जास्तीचं. खरं ती बघून दुसऱ्या दिवशी मी गणपत गल्लीत गेलो होतो, आईचं औषध आणायला. तिथल्या दुकानांची मराठी नावं मला तोंडपाठ आहेत. त्याच दुकानांवर कन्नडमध्ये काय लिहिलंय ते आठवायला बसलो. एकही आठवेना. कन्नड मला शाळेत होती, अक्षरं वाचता येतात. चाळीस वर्षं मी त्या गल्लीतून जातोय आणि ती अक्षरं मी वाचलेलीच नाहीत. मला कुणी उचलून नेणार नव्हतं. मी आपण होऊन बोर्लू झालो होतो.

उभा राहून एक पाटी वाचली. 'इथे गाडी लावू नये' असं होतं. मी गाडी तिथंच लावली होती.

संपादक

ठीक आहे, राहू दे. गाडी काढली का?

गोकाक करदंट

नमस्कार. घरी कन्नड, नोकरी बेळगावात, मराठी शेजाऱ्यांकडून शिकलेली. चुका सांभाळून घ्या.

पॅसेंजर सर, आम्ही पण तेच करतो. आमच्या गल्लीत गणपतीच्या मांडवात मराठी नाटक होतं दरवर्षी, आवाज घरात येतो. मी सतरा वर्षं ऐकलो आणि एकदाही त्यात काय चाललंय ते ऐकलो नाही. मागच्या वर्षी मुलगी म्हणाली अप्पा, त्यात खून आहे, चल. गेलो. चांगलं होतं. खुनी कोण ते मला आधीच कळलं.

कन्नडमध्ये 'शांतम पापम' बघतो आम्ही, दर वेळी नवीन गुन्हा. माझी तक्रार सांगतो. बेंगळुरूच्या मालिका असो की सिनेमा, आमच्याकडची, म्हणजे बेळगाव-धारवाडची कन्नड बोलणारा आला की तो एक तर गुंड, नाही तर हसवायला ठेवलेला. साहेब कधीच आमच्यासारखं बोलत नाही. वर पुण्याचे सर त्या ताईंना 'बघितलो' वरून विचारले ना, तसंच मला बेंगळुरूत ऑफिसमध्ये विचारतात. आमच्या कन्नडला तिकडे हसतात, तुमच्या मराठीला तिकडे. बेल्टर कोण ते मास्तरांनी सांगावं.

भौतिक मास्तर

करदंटसाहेब, तुम्हीच सांगितलंत. मी आता पुढच्या वर्गात काय सांगू?

एक जोडतो. 'पाताल लोक'चा दुसरा सीझन नागालँडमध्ये जातो आणि तिथली पात्रं तिथली बोली बोलतात, दिल्लीचा पोलीस हाथीराम चौधरीला कळत नाही, तो चाचपडतो. त्याचं ते न कळणं हाच तपासाचा भाग होतो. म्हणजे आपल्याकडे जमत नाही असं नाही.

पेठेतला

ताई, 'बघितलो'बद्दल क्षमस्व. प्रामाणिक कुतूहल होतं.

आता सगळे जमलाच आहात तर कल्पना करू. 'ब्रोएन'चे अवतार अमेरिका-मेक्सिको सीमेवर झाले, इंग्लंड-फ्रान्सच्या बोगद्यात झाले, मलेशिया-सिंगापूरमध्येही झाले. तुमच्याकडे करायचा तर प्रेत कुठे ठेवाल?

काळा कोट

कागल-कोगनोळीच्या मध्ये, दूधगंगेच्या पुलावर. हमरस्ता आहे, दोन्हीकडचे पोलीस तसेही वर्षातून दोनदा तिथं येऊन समोरासमोर उभे राहतात. ओळख आधीची.

कुंदाखाऊ

वरचा अर्धा विमा एजंट, खालचा अर्धा तंबाखूचा व्यापारी.

तीन तेहतीस

एक तांत्रिक आक्षेप. स्वीडिश आणि डॅनिश सख्ख्या बहिणी. मराठी आणि कन्नड वेगळ्या कुळांतल्या. तिथं न शिकता कळतं, इथं कुणीतरी कधीतरी शिकलेलं असावं लागतं. त्यामुळे 'दोघं आपापल्या भाषेत बोलतात' हे आमच्याकडे दाखवायचं तर त्यामागचं शिकणंही दाखवा. आई-कापडवाला ह्या जोडीत कोण कधी शिकलं?

खानापूर पॅसेंजर

आईला विचारलं. ती म्हणते, 'मला कुठं येतंय कन्नड? त्याचं तोंड बघून कळतंय.'

हिंडलग्याची सून

काल रात्री धागा वाचून परत पहिला सीझन लावलो. सासूबाई शेजारी येऊन बसल्या, सीआयडी संपली होती. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, त्यामुळे खालच्या ओळींकडे बघायचा प्रश्नच नाही. पहिली दहा मिनिटं दया कधी येणार ते विचारत होत्या. प्रेताचे तुकडे निघाले तेव्हा राम राम म्हणाल्या. मग सागा आणि मार्टिन पुलावर बोलायला लागले आणि त्या एकदम पुढे सरकल्या.

'अगं, हे दोघं वेगवेगळं बोलालेत न्हवं?'